लेबलाची साक्ष: जुन्या तबकड्यांचा काळ कसा ठरवावा

भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांत लाखेच्या हजारो तबकड्या निघाल्या, पण त्यांतल्या फारच थोड्यांवर साल सापडते. लेबलावर गायकाचे नाव असते, गाण्याचा मुखडा असतो, राग किंवा नाटकाचे नाव असते, भाषा असते, कंपनीचा क्रमांक असतो. गाणे केव्हा गायले गेले एवढेच नसते. ग्रामोफोनचा शोध लावणाऱ्या एमिल बर्लिनरच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्यांवर कागदी लेबल नव्हते. मधल्या मोकळ्या जागेत अक्षरे कोरलेली असत आणि त्यांत अनेकदा ध्वनिमुद्रणाची तारीखही असे. १९०० च्या सुमारास कागदी लेबल आले, तबकडी देखणी झाली, आणि तारीख गेली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे बरोबरच होते, कारण मागच्या वर्षीचा माल आहे हे गिऱ्हाइकाला कळावे असे कोणत्याही दुकानदाराला वाटत नाही. इतिहासाचे मात्र मोठे नुकसान झाले. नाट्यसंगीताची गायकी १९१० आणि १९२० मध्ये सारखी नव्हती. एखादी तान कोणाची कोणी उचलली, एखादी चाल केव्हा बदलली, हे ठरवायचे तर आधी कोणते गाणे आधीचे आणि कोणते नंतरचे हे कळायला हवे. साल नसलेली तबकडी ऐकता येते, तिचा इतिहास मांडता येत नाही.

साल नाही म्हणून काळच ठरत नाही, असे मात्र नाही. लेबलाची चित्रे, त्यावरचे कंपनीचे नाव, कारखान्याचे गाव, मालिकेची अक्षरे हे सगळे ठरावीक वेळी बदलत गेले, आणि त्या बदलांच्या तारखा बऱ्याच अंशी माहीत आहेत. पण या पुराव्याचा उपयोग बहुधा चुकीच्या अपेक्षेने केला जातो. लेबल पाहून कोणी ‘१९०७’ असे एकच साल सांगू लागले, तर तो अंदाज असतो. लेबल साल सांगत नाही, ते मर्यादा सांगते: ‘यानंतर’ आणि ‘याआधी’. या दोन मर्यादांपैकी कोणती पक्की आणि कोणती सैल, हे ओळखणे म्हणजेच लेबल वाचणे. एवढे भान ठेवले तर कागदाचा तो लहानसा गोल मराठी संगीताच्या इतिहासाचे अव्वल दर्जाचे साधन ठरतो. ते सुटले, तर तोच गोल चुकीच्या सालांची परंपरा सुरू करतो.

मराठी इतिहाससंशोधनाला ही रीत नवी नाही. जुन्या मोडी पत्रांत महिना असतो, चंद्र म्हणजे महिन्यातला दिवस असतो, पण पुष्कळदा सालच नसते. अशा वेळी संशोधक मायना पाहतात, शिक्का पाहतात, पत्रात आलेली माणसे तेव्हा कोणत्या हुद्द्यावर होती ते पाहतात. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे आणि पेशव्यांचे अशी दोन्ही नावे असत. शाहू महाराज आणि बाळाजी बाजीराव ही नावे एकत्र आली, की पत्र १७४० ते १७४९ या नऊ-दहा वर्षांतले ठरते, कारण १७४० मध्ये बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेबांना पेशवेपद मिळाले आणि १७४९ च्या अखेरीस शाहू महाराज वारले. पत्राचा नेमका दिवस शिक्का सांगत नाही. पण त्या चौकटीबाहेरचा कोणताही तर्क तो एका झटक्यात बाद करतो. तबकडीच्या लेबलाचे काम नेमके हेच आहे.

भारतातल्या तबकड्यांचा सगळ्यात ठळक ‘शिक्का’ म्हणजे कंपनीचे नाव. ग्रामोफोन कंपनी १८९८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. डिसेंबर १९०० मध्ये तिने टाइपरायटरच्या धंद्यातही हात घातला आणि नाव बदलून ‘ग्रामोफोन अँड टाइपरायटर लिमिटेड’ केले. टाइपरायटर काही चालला नाही, आणि नोव्हेंबर १९०७ मध्ये नावातून तो शब्द गळाला. संग्राहक ज्या तबकड्यांना ‘जी अँड टी’ म्हणतात त्या या सात वर्षांतल्या. कंपनीचे बोधचिन्ह तेव्हा कुत्रा नव्हते. तबकडीवर पिसाने लिहीत बसलेला एक लहान देवदूत असे, आणि त्याला ‘रेकॉर्डिंग एंजल’ म्हणत. सात इंची तबकडीवर ‘ग्रामोफोन रेकॉर्ड’, दहा इंचीवर ‘ग्रामोफोन कॉन्सर्ट रेकॉर्ड’ आणि पुढे आलेल्या बारा इंचीवर ‘ग्रामोफोन मोनार्क रेकॉर्ड’ असे छापलेले असे. त्या काळच्या तबकड्या एकाच बाजूने वाजत. दुसऱ्या बाजूच्या कोऱ्या लाखेवर तोच देवदूत उमटवलेला असे. म्हणजे जुन्या तबकडीवर टाइपरायटरचे नाव दिसले, तर ती १९०७ च्या अखेरपर्यंत, फार तर शिल्लक लेबले संपेपर्यंत छापली गेली असे धरता येते. आणि छापण्याआधी गाणे ध्वनिमुद्रित झालेले असणारच. ही मर्यादा पक्की आहे. पुढचा कोणताही पुरावा तिला ओलांडू शकत नाही.

दुसरी खूण गावाची. कंपनीचा ध्वनिमुद्रण-तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस कोलकात्यात उतरला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गायिका गौहर जानसह अनेकांचे आवाज मेणावर घेतले. त्या फेरीत पाचशेहून अधिक ध्वनिमुद्रणे झाली. मेणाच्या त्या मूळ तबकड्या जहाजाने जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेल्या, तिथे त्यांच्यावरून धातूचे साचे निघाले, लाखेच्या तबकड्या छापल्या गेल्या, आणि त्या कोलकात्याला परत आल्या तेव्हा १९०३ चा एप्रिल उजाडला होता. गाणे आणि विक्री यांत जवळजवळ अर्धे वर्ष गेले. हॅनोव्हरच्या कामगारांना हिंदुस्थानी, बंगाली वा मराठी यांतले एक अक्षरही कळत नसे. म्हणून गाण्याच्या शेवटी गायक स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत आणि त्यावरून लेबलाची जुळवणी करणे सोपे जाई. म्हणजे ज्या आवाजी घोषणा आज ऐकताना गमतीच्या वाटतात, त्या लेबलासाठीच दिलेल्या होत्या. १९०८ मध्ये कोलकात्याच्या सियालदा भागात, बेलियाघाटा रस्त्यावर कंपनीचा स्वतःचा कारखाना सुरू झाला आणि सागरी फेरा संपला. तबकडीवरची हॅनोव्हरची नोंद मागे पडून कोलकात्याची आली. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस कारखाना दमदमला हलला, आणि दमदमचे नाव मराठी घरांतल्या तबकड्यांवर कित्येक वर्षे राहिले. हॅनोव्हर, कोलकाता, दमदम या क्रमात तीन कालखंड उभे राहतात.

तिसरी खूण सगळ्यांच्या ओळखीची, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चुका घडवणारी: भोंग्यासमोर बसलेला कुत्रा. चित्रकार फ्रान्सिस बॅरोचे ते चित्र कंपनीने १८९९ मध्ये विकत घेतले. चित्रात आधी दंडगोल वाजवणारे फोनोग्राफ यंत्र होते, ते रंगवून काढून तिथे ग्रामोफोन आणला गेला. अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने १९०२ पासूनच ते लेबलावर वापरले. इंग्लंडमध्ये मात्र देवदूत जाऊन लेबलावर कुत्रा आला तो १९०९ मध्ये. १९१० मध्ये तिथल्या न्यायालयाने ‘ग्रामोफोन’ हा शब्द कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही असा निकाल दिला, आणि मग ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ हे शब्द चित्राबरोबर ठळक झाले. भारतात हा बदल याहूनही उशिरा, १९१५-१६ च्या सुमारास झाला. तोपर्यंत इथल्या तबकड्यांवर देवदूतच लिहीत होता. इंग्लंडमधल्या संग्राहकांनी केलेली कोष्टके हाती धरून कोणी भारतीय तबकडी तपासली, तर देवदूत पाहून तो ‘१९०९ च्या आतली’ असे म्हणेल आणि सहा-सात वर्षांनी चुकेल. लेबलाची साक्ष ज्या बाजारातली, त्याच बाजाराच्या पंचांगाने वाचावी लागते.

चौथी खूण दोन बाजूंची. बर्लिनच्या ओडियन कंपनीने १९०४ मध्ये दोन्ही बाजूंनी वाजणारी तबकडी बाजारात आणली आणि जुन्या एकतर्फी तबकड्यांचे दिवस भरले. भारतात ग्रामोफोन कंपनीला पहिल्याच दशकात बरेच प्रतिस्पर्धी मिळाले: निकोल, ओडियन, बेका. बेकाची मुंबईतली एजन्सी वल्लभदास रणछोडदास यांच्या ‘टॉकिंग मशीन अँड इंडियन रेकॉर्ड कंपनी’कडे होती. कोलकात्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी आधी दंडगोल काढले, आणि मग फ्रान्सच्या पाते कंपनीशी जोडून ‘पाते-एच. बोस’ तबकड्या आणल्या. पातेच्या तबकड्या आतून बाहेर वाजत, त्यांच्या खाचा वरखाली कोरलेल्या असत, आणि पहिली काही वर्षे त्यांना कागदी लेबलही नव्हते. अक्षरे थेट तबकडीत कोरून रंगवलेली असत. या कंपन्यांचे अस्तित्वच कालदर्शक आहे. १९१४ च्या महायुद्धाने जर्मन मालाचा ओघ तोडला. त्यामुळे बेकाचे जर्मनीत छापलेले भारतीय लेबल दिसले, की त्या तबकडीची वरची मर्यादा युद्धाच्या तोंडाशी येऊन थांबते. ओडियनचे प्रकरण मात्र वेगळे आहे. ते नाव १९३० च्या दशकात भारतात पुन्हा अवतरले. अब्दुल करीम खाँसाहेबांची पहिली ध्वनिमुद्रणे १९०५ ची, ग्रामोफोन अँड टाइपरायटरसाठी केलेली; आणि ज्यांच्यामुळे ते घरोघरी पोहोचले त्या ओडियनच्या तबकड्या १९३० च्या दशकातल्या. ‘ओडियन म्हणजे जुने’ असे समीकरण धरणारा इथे हमखास फसेल. नाव एकच असले, तरी लेबलाची मांडणी, क्रमांकांची पद्धत आणि विजेच्या मायक्रोफोनने टिपलेला आवाज यांवरून दोन्ही कालखंड वेगळे ओळखता येतात.

आतापर्यंतच्या खुणा कंपनीच्या होत्या. मराठी तबकड्यांना आणखी एक साक्षीदार मिळाला आहे, तो नाटकाचा. नाट्यपदांच्या तबकड्यांवर नाटकाचे नाव छापण्याची रीत होती, आणि मराठी रंगभूमीच्या बहुतेक महत्त्वाच्या प्रयोगांच्या तारखा आपल्याला पक्क्या ठाऊक आहेत. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मार्च १९११ मध्ये झाला, ‘विद्याहरण’ १९१३ मध्ये आणि ‘स्वयंवर’ डिसेंबर १९१६ मध्ये रंगभूमीवर आले, ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये. नाटकमंडळीचे नाव असेल तर तीही खूण होते: ललितकलादर्श १९०८ ची, गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची, बलवंत संगीत मंडळी १९१८ ची. या तारखा खालची मर्यादा देतात, तर देवदूत, हॅनोव्हर, टाइपरायटर ही चिन्हे वरची. दोन्ही एकत्र आली की काळ किती आवळता येतो पाहा. देवदूताच्या लेबलावर ‘मानापमान’ असे नाव असेल, तर ती तबकडी १९११ च्या आधीची असू शकत नाही आणि १९१६ च्या फारशी नंतरचीही नाही. कोणतीही वही न उघडता, कोणत्याही आठवणीवर विसंबून न राहता, पाच वर्षांची चौकट हाती आली. हिंदुस्थानी संगीताच्या बहुतेक तबकड्यांवर फक्त रागाचे नाव असते, आणि राग काही एका तारखेला जन्मत नाही. मराठी नाट्यसंगीत या बाबतीत भाग्यवान आहे. बोलपटांनी हीच सोय पुढे नेली. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा, म्हणजे त्याचे नाव असलेली कोणतीही तबकडी त्याआधीची नाही.

आता या पद्धतीवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप. लेबल छपाईचा काळ सांगते, गाण्याचा नाही. तबकडीचा धातूचा साचा शाबूत असेपर्यंत कंपनी तेच गाणे वर्षानुवर्षे छापू शकते आणि प्रत्येक वेळी त्या त्या काळचे लेबल लावते. हे घडलेही. दुतर्फी तबकड्या रूढ झाल्यावर ग्रामोफोन कंपनीने जुन्या एकतर्फी तबकड्यांतली चालणारी गाणी जोडीजोडीने नव्या मालिकांत काढली. नटगायक केशवराव भोसले ऑक्टोबर १९२१ मध्ये गेले, पण त्यांच्या तबकडीची एखादी प्रत त्यानंतर छापलेली असू शकते. ‘सौभद्र’चे पद आणि कुत्र्याचे लेबल असा जोड समोर आला, तर नाटक १८८२ चे आणि लेबल १९१६ नंतरचे, मधल्या कोणत्या वर्षी तो आवाज भोंग्यात शिरला हे दोघांनाही सांगता येत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्यामुळे लेबल निरुपयोगी ठरत नाही. त्याची साक्ष कोणत्या दिशेने चालते हे मात्र त्यातून कळते. जुने लेबल दोन्ही गोष्टी बांधते: छपाई त्या काळातली, म्हणून ध्वनिमुद्रण त्या काळातले किंवा त्याआधीचे. नवे लेबल फक्त छपाई बांधते. ध्वनिमुद्रण कितीही मागे जाऊ शकते. म्हणून ‘देवदूत आहे, तेव्हा गाणे नंतरचे असू शकत नाही’ हे विधान भक्कम आहे, आणि ‘कुत्रा आहे, तेव्हा गाणे जुने असू शकत नाही’ हे विधान पोकळ आहे. सालांबाबतच्या पुष्कळ चुका ही दिशा न ओळखल्यामुळे होतात.

नवे लेबल जिथे हात टेकते, तिथे तबकडीच मदतीला येते. लेबल आणि शेवटची खाच यांमधल्या गुळगुळीत पट्टीवर, कधी लेबलाच्या कागदाखालून उमटलेला, मॅट्रिक्स क्रमांक असतो. तो मूळ मेणाच्या तबकडीचा, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा स्वतःचा क्रमांक. लेबल कितीदा बदलले तरी तो बदलत नाही. त्याच्या शेवटी असलेले अक्षर ध्वनिमुद्रण कोणत्या तंत्रज्ञाने केले ते सांगते, आणि कोणता तंत्रज्ञ कोणत्या फेरीत भारतात आला हे ठाऊक आहे: १९०२ ला फ्रेड गैसबर्ग, १९०४-०५ च्या फेरीत विल्यम सिंक्लर डार्बी आणि मॅक्स हॅम्पे, १९०६-०७ मध्ये विल्यम गैसबर्ग आणि जॉर्ज डिलनट. क्रमांकाशेजारी लहान त्रिकोण असेल तर ध्वनिमुद्रण वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या विद्युत पद्धतीने, म्हणजे १९२५ च्या नंतर झाले. चौकोन असेल तर १९३१ पासूनच्या, अभियंता ब्लमलिनच्या पद्धतीने. साचा कितवा हेसुद्धा कळते. त्यासाठी कंपनीने ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या इंग्रजी नावातून दहा अक्षरे घेऊन एक ते शून्य अंकांची सांकेतिक लिपी केली होती. साचा कितवा हे कळले की समोरची प्रत पहिल्या छपाईची की विसाव्या, याचा अंदाज येतो. म्हणजे लेबल प्रतीचा काळ देते, मॅट्रिक्स गाण्याचा काळ देतो, आणि दोन्हींतले अंतर आणखी एक गोष्ट सांगते: ते गाणे बाजारात किती वर्षे चालले. एका पिढीच्या कानात कोणते पद किती काळ राहिले, याचा याहून वस्तुनिष्ठ पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. आक्षेप म्हणून पुढे आलेली गोष्टच अशी नव्या माहितीचा स्रोत होते.

दुसरा आक्षेप कारखान्याच्या कारभाराचा आहे. छापलेली लेबले शिल्लक राहत, आणि कागद वाया घालवण्याची कारखान्याची तयारी नसे; नाव बदलले तरी जुनी लेबले काही काळ लागत राहिली असणार. एकाच तबकडीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या मांडण्यांची लेबले लागली, तरी नवल नाही. हे मान्य करूनच मर्यादा आखायला हव्यात. नाव १९०७ च्या नोव्हेंबरात बदलले म्हणून १९०८ ची एकही तबकडी जुन्या लेबलाची नसेल असे म्हणू नये. सीमेवर वर्ष-दीड वर्षाची ढील ठेवावी. पण ढील ठेवली म्हणून चौकट मोडत नाही. शिवाय तबकडी एकटी उभी नसते. ग्रामोफोन कंपनीने क्रमांकांचे गट पाडले होते: पौर्वात्य भाषांसाठी दहा हजारांच्या पुढचे अंक, त्यांत पुरुषांच्या गायनाला बारा हजारांचा आणि स्त्रियांच्या गायनाला तेरा हजारांचा गट. गट भरला की आधी एखादा अंक जोडून नवी रांग सुरू होई. पुढे दुतर्फी तबकड्यांना ‘पी’ आणि मग ‘एन’ अशी अक्षरे आली. या रांगांतल्या शेकडो तबकड्या क्रमाने मांडल्या की मांडणी कोणत्या क्रमांकाच्या आसपास बदलली ते दिसते, आणि जी तबकडी या क्रमाशी फटकून वागते ती लगेच नजरेत भरते. रंगाच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. १९०१ मध्ये रशियात नामवंत गायकांसाठी लाल लेबल निघाले, तेव्हापासून लेबलाचा रंग किंमत आणि गायकाचा दर्जा दाखवू लागला. एकाच महिन्यात एकाच कारखान्यातून दोन रंगांची लेबले निघू शकतात, म्हणून केवळ रंगावरून काळ ठरवणे धोक्याचे.

तिसरा आक्षेप विचारवंतांचा: लेबलाच्या तारखा तुम्हाला कशा कळल्या? लेबलावरून तबकडीचा काळ ठरवायचा आणि तबकड्यांवरून लेबलाचा, हे वर्तुळ झाले. असे वर्तुळ होऊ नये म्हणूनच लेबलांची कालगणना लेबलांबाहेरच्या कागदपत्रांवर उभी करावी लागते: कंपनीच्या ध्वनिमुद्रणाच्या वह्या, दरमहाच्या नव्या तबकड्यांच्या याद्या, जाहिराती, न्यायालयाचे निकाल, कंपनीच्या नावनोंदणीचे कागद. संशोधक मायकेल किनियर यांनी असा मूळ दप्तरावर आधारलेला अभ्यास करून ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ मधल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची केली, आणि ती १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. मुंबईतच सुरेश चांदवणकर यांनी भारतीय तबकडी-संग्राहकांची संस्था उभी करून संग्राहकांकडे विखुरलेली माहिती एकत्र आणली. मग उलटा प्रश्न येतो, की वह्या असताना लेबल कशाला? याची उत्तरे दोन. एक, वहीतली नोंद आणि हातातली तबकडी यांची गाठ लेबलावरच्या क्रमांकानेच पडते. दोन, वह्या सगळ्यांच्या उरलेल्या नाहीत. मोठ्या कंपनीचे दप्तर लंडनजवळ हेजला जपलेले आहे. पण लहान कंपन्या बुडाल्या, जर्मन कंपन्यांवरून दोन महायुद्धे गेली. त्यांच्या तबकड्यांसाठी पुष्कळदा लेबल हाच एकमेव कागद आहे.

शेवटचा आक्षेप कानाचा. जाणकार श्रोते म्हणतात, गायकी ऐकली की काळ कळतो. कागद कशाला चाचपता? कानाचे ज्ञान खरे आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. भोंग्यात गायलेले आणि मायक्रोफोनपुढे गायलेले यांतला फरक कोणालाही कळतो. पण तो फरक १९२५ च्या अलीकडचे आणि पलीकडचे एवढेच सांगतो. भोंग्याच्या काळातली वीस-बावीस वर्षे कान वेगळी करू शकत नाही; झिजलेली प्रत, चुकीची गती आणि खराब पिन यांमुळे १९१५ चे गाणे १९०५ चे भासते. त्याहून मोठा दोष तर्काचा आहे. गायकी ऐकून साल ठरवले आणि मग त्याच सालांवरून गायकी कशी बदलली हे सांगितले, तर खरे वर्तुळ इथे तयार होते. गायकीच्या बदलाचा इतिहास लिहायचा तर साल गायकीच्या बाहेरून यायला हवे. लेबलाला सूर कळत नाही, आणि म्हणूनच त्याची साक्ष निःपक्ष आहे.

हे सगळे आज तातडीचे झाले आहे, कारण जुन्या तबकड्यांचे आवाज झपाट्याने संगणकावर उतरवले जात आहेत. काम मोलाचे आहे, पण त्यात पुष्कळदा आवाज ठेवला जातो आणि लेबल टाकले जाते. मग त्या आवाजाला कोणीतरी अंदाजाने साल चिकटवते, पुढचा माणूस ते उचलतो, आणि दहा ठिकाणी छापून आल्यावर अंदाजाचे तथ्य होते. गौहर जान १९०२ पासून जवळजवळ दोन दशके ध्वनिमुद्रण करत होत्या. तरी त्यांच्या कोणत्याही तबकडीला १९०२ हे साल लावण्याचा मोह होतो. पहिल्या फेरीचे ध्वनिमुद्रण कोलकात्यात झाले, मुंबईत नव्हे. हे ठाऊक असले तर मुंबईत गायलेल्या मराठी पदाला ‘१९०२’ लिहिताना हात थांबेल. उपाय अवघड नाही. तबकडीचा आवाज उतरवताना दोन्ही लेबलांची छायाचित्रे घ्यावीत, तीही रंग खरा दिसेल अशी. मधल्या पट्टीवरची अक्षरे, त्रिकोण, चौकोन जसेच्या तसे टिपावेत. आणि सालाच्या जागी एक आकडा नव्हे, तर दोन मर्यादा लिहाव्यात, सोबत त्या कशावरून ठरवल्या तेही. ‘१९११ ते १९१६, नाटकाचे नाव आणि देवदूत यांवरून’ ही नोंद ‘१९१२’ या आकड्यापेक्षा कमी नेमकी दिसते, पण ती तपासता येते, दुरुस्त करता येते, आणि नवा पुरावा मिळाला की आवळताही येते. नुसता ‘१९१२’ हा आकडा दुरुस्त करायला जागाच ठेवत नाही. मायक्रोफोन येण्यापूर्वी गेलेल्या मराठी गायकांचा जो काही आवाज उरला आहे तो याच लाखेत आहे. त्यांचा क्रम लावणे हे आपले कर्तव्य आहे, आणि त्यासाठी लागणारा पुरावा अजून संग्रहांत आणि घरांच्या माळ्यावर पडलेल्या तबकड्यांवर चिकटलेला आहे. कागद ठिसूळ होत चालला आहे. तो वाचता येतो तोवरच हे काम करता येईल.